उत्तरीयाची गाठ

"मग नाटकाची भाषा बदलू का, बुवा?" विद्याधरनं विचारलं.

भर वैशाखात गळ्याला मफलर गुंडाळून हरिबुवा ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. अंथरूण धरल्यानंतर आज पहिल्यांदाच बाहेर आले होते.

तरुणपणी नाटक कंपनीच्या एका नाटकात बुवा राणी व्हायचे. पुढे दात पडले, राणी सुटली, आणि बुवा शिकवायला बसले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला विद्याधर आता कॉलेजात मराठी शिकवत होता, आणि तेच जुनं नाटक मुलांकडून बसवून घेत होता.

म्हणजे, घेऊ पाहत होता. मुलं मेटाकुटीला आली होती. सेनापती झालेला मुलगा 'आर्ये' म्हणताना फिसकन हसायचा. दोघांनी परीक्षेचं कारण काढून पळ काढला होता. विद्याधरनं अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून दिले, पाठ करून घेतले, चिडूनही पाहिलं. मुलांना अर्थ आले, नाटक येईना.

राणीचं काम प्रणाली खरातकडे होतं. पोरगी गुणी. पण मुलाला रणात धाडतानाचं राणीचं वाक्य आलं की तिची जीभ अडायची. काल तालमीत ती रडली आणि म्हणाली, सर, माझ्याऐवजी दुसरी कुणीतरी बघा. विद्याधरला दुसरी कुणी बघायची नव्हती. म्हणून आज तो तिलाही बरोबर घेऊन आला होता. ती दाराशी अंग चोरून बसली होती.

"ते वाक्य म्हण बघू," बुवा तिला म्हणाले.

प्रणालीनं मान खाली घातली.

"वत्सा, दिन मावळतीस झुकला. तुझ्या अश्वास अद्याप तृण मिळाले नाही. क्षणभर थांब. तुझ्या उत्तरीयाची गाठ सैल झाली आहे, ती मी पुन्हा बांधते, मग सुखेनैव..."

पुढचं आलंच नाही.

"अवघड आहे," बुवा म्हणाले. "मला तर छड्या खाव्या लागल्या होत्या या वाक्यापायी."

प्रणालीनं चमकून वर पाहिलं. या वाक्यासाठी कुणी तिची कीव न करता बाजू घेतली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"आणि तुझं वाक्य काय?" बुवांनी विद्याधरला विचारलं.

विद्याधर याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं सगळं नाटक आजच्या भाषेत उतरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर बेहद्द खूश होता. घोडा, गवत, उपरण्याची गाठ, सगळा पाल्हाळ त्यानं उडवला होता. राणीच्या मनात जे होतं तेवढंच ठेवलं होतं.

"बाळा, जाऊ नकोस," त्यानं वाचलं. "तू परत येणार नाहीस असं वाटतंय मला."

बुवांनी डोळे मिटून ऐकलं.

"कळतं," ते म्हणाले. "एका दमात कळतं."

"मग... बदलू?"

"बदल."

इतक्या सहज? विद्याधर तासभर वाद घालायच्या तयारीनं आला होता. त्याला हायसं वाटलं, आणि कुठंतरी थोडं चुकल्यासारखंही. पण मुलं वाचली, नाटक वाचलं, हे काय कमी झालं? त्यानं कागद पिशवीत घातले. पुढं होऊन बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. पावलं सुजलेली होती. पुण्याला हलवा म्हणून डॉक्टर मागे लागले होते, आणि बुवांनी साफ नकार दिला होता. येताना सूनबाईंनी विद्याधरला बाजूला घेऊन हे सांगितलं होतं. सांगताना त्यांचा आवाज फुटला होता.

"येतो, बुवा," विद्याधर म्हणाला.

"कुठं?"

"घरी... घरी निघालो."

"मग येतो काय म्हणतोस? चाललायस ना? मनात असेल तेच बोल की. सरळ, सोपं."

विद्याधर हसला. बुवा हसले नाहीत.

"जातो म्हण."

एवढंसं तर बोलायचं होतं. लहानपणी घरातून निघताना चुकून हा शब्द तोंडातून गेला, तर आई उंबऱ्यातून माघारी बोलवायची, हातावर साखर ठेवायची आणि पुन्हा नीट निरोप घ्यायला लावायची. पण आता तो लहान नव्हता. शिकलेला होता, असलं काही मानत नव्हता.

त्यानं तोंड उघडलं.

समोर सुजलेली पावलं होती. या माणसानं त्याला श्वास कुठं घ्यायचा इथपासून शिकवलं होतं. पुढच्या खेपेला ही खुर्ची रिकामी असली तर?

"जा..."

त्याला तो शब्द पुरा करता येईना.

बुवा वाट पाहत होते. ते त्याच्या मदतीला आले नाहीत.

दाराशी हालचाल झाली. प्रणाली उठली होती. ती कधी बुवांकडे पाहत होती, कधी आपल्या सरांच्या भरलेल्या डोळ्यांकडे. मग ती पुढं आली आणि बुवांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. मफलर त्यांच्या खांद्यावरून घसरला होता. तिनं तो सारखा केला.

"दिन मावळतीस झुकला," ती हळूच म्हणाली. "तुझ्या अश्वास अद्याप... तृण मिळाले नाही. क्षणभर थांब."

तिची बोटं मफलरच्या टोकांशी रेंगाळली. गाठ मारायला एवढा वेळ लागत नाही.

"तुझ्या उत्तरीयाची गाठ सैल झाली आहे, ती मी पुन्हा बांधते. मग सुखेनैव... प्र..."

ती थांबली.

"...प्रयाण कर."

विद्याधरनं डोळे पुसले. पण हाडाचा मास्तर तो, सवय कुठं जाणार? "वाक्य आलं तुला," तो तिला म्हणाला. "फक्त शेवटी अडखळतेस तेवढं उद्या सुधारून..."

हरिबुवांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"राहू दे ते," ते म्हणाले. "राणीसुद्धा तिथंच अडखळली असणार."