हार आणि फुंकर

फार जुनी गोष्ट नाही. जुनी होण्याइतका तो लॅपटॉप टिकलाच नाही.

दिगंबरपंत चित्र्यांचा हा लॅपटॉप दिवसभर गादीवर लोळायचा आणि त्याच्या पोटातला पंखा धुळीने गुदमरून घरघरायचा.

"अरे, कोणीतरी ही जाळी साफ करा!"

"गप रे," लॅपटॉप म्हणायचा, "दसऱ्याला बघ आपला मान."

दसरा आला. पंतांनी लॅपटॉप पाटावर मांडला आणि त्याच्यावरच आरती लावली. पंख्याला वाटलं, आता तरी फडकं फिरेल. पंतांनी धुळीवरच हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला. कुंकू जाळीतून थेट पंख्याच्या नाकात गेलं.

"बघितलंस?" लॅपटॉप फुशारला. "मिक्सरला नुसतं कुंकवाचं बोट लावलं. हार मला!"

"हाराचं काय लोणचं घालायचंय?" पंखा खोकत म्हणाला. "एक फुंकर मारली असती तर जगलो असतो."

"कृतघ्न कुठला!"

पंखा थांबला होता. लॅपटॉप तापत गेला आणि आरती अर्ध्यावर असतानाच त्याने मान टाकली.

पंतांनी हळहळत हात जोडले. "पूजेत काहीतरी कमी पडलं असणार."

पुढच्या दसऱ्याला नव्या लॅपटॉपवर त्यांनी मूठभर कुंकू वाहिलं.