इंद्रजितचा गुडघा

चिंचपेठ तालमीच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षक भैरूआण्णांनी तीस वर्षांत अठरा चषक मिळवून दिले. तरी त्यांना काढायला अध्यक्ष इंगवल्यांनी सभा भरवली. या अध्यक्षानं स्वतः जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता! कारण एवढंच, की अंतिम सामन्यात गुडघा सुजलेल्या इंद्रजितला आण्णांनी बाहेर बसवलं आणि संघ हरला.

"दहा मिनिटं लंगडत खेळला असता तर मेला असता काय?" अध्यक्ष गरजले. "चषक घालवलात. द्या उत्तर!"

आण्णा म्हणाले, "साहेब, तो फिरता चषक. जिंकला तरी वर्षानं परत द्यायचा. इंद्रजितचा पाय मला त्याच संध्याकाळी त्याच्या आईला परत द्यायचा होता."

मागून इंद्रजितची आई उठली.

"आण्णा, उद्यापासून धाकट्यालाबी पाठवते."