सोपान शिंपी वेबसाईट शिकतो

एका गावात एक भोळा शिंपी होता आणि त्याच्याकडे कपडे शिवायला फारसं कोणी येत नव्हतं. नाव सोपान हावळे. हाताला सफाई होती हो, पण लोक आता रेडीमेड घालतात, त्याला तो तरी काय करणार. सासरे म्हणाले, "जावईबापू, माझ्या पिठाच्या गिरणीत या."

सोपानची बायको शालन म्हणाली, "नको. बाबा तुम्हाला आठ दिवसांत दळून काढतील."

म्हणून सोपानने तालुक्याला वेबसाईट बनवायला शिकवणाऱ्या बूटकॅम्पमध्ये नाव घातलं. तीन महिन्यांत जमलं तर नवा धंदा. नाही जमलं तर गिरणी.

शिकवायला आरसकर मॅडम होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "या पानावरचं तुम्हाला जे लागत नाही ते पुसून टाका." सोपानने सगळं पान पुसलं.

"हे काय केलंत?"

"मला त्यातलं काहीच लागत नव्हतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "हावळे, कशालाही हात लावण्याआधी त्याची कॉपी काढून ठेवायची. बिघडलं तर कॉपी कामाला येते."

"बरं," सोपान म्हणाला. त्याच्या डोक्यात एकदा गोष्ट बसली की हलायची नाही, हीच तर पंचाईत होती.

शेजारच्या वत्सलाकाकूंनी ब्लाउजसाठी भारी रेशमी कापड दिलं होतं. सोपानने कात्री उचलली आणि थांबला. आधी कॉपी. त्याने कपाट उघडून शालनचा लग्नातला शालू काढला, फाडला आणि काकूंच्या मापाचा ब्लाउज शिवला. मग काकूंच्या कापडाचा शिवला. तो इतका छान झाला की कॉपी लागलीच नाही.

शालन दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते सगळ्या आळीने ऐकलं.

मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ज्याची वस्तू, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बरं."

पुढच्या आठवड्यात काकू गॅसवर दूध ठेवून देवळात गेल्या. जाताना म्हणाल्या, "सोपान, लक्ष ठेव रे." दूध वर आलं. सोपान गॅसपाशी गेला आणि थांबला. दूध काकूंचं, गॅसही काकूंचा. तो देवळात गेला, चपला नीट काढल्या, आरती संपेपर्यंत उभा राहिला, प्रसाद घेतला आणि मग विचारलं, "काकू, दूध उतू चाललंय. गॅस बंद करू का?"

पातेलं काळं झालं, भिंत काळी झाली. काकूंनी त्याला जे काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

"अशा वेळी विचारत बसतात का?" मॅडम म्हणाल्या. "काही बिघडलं, अडकलं, की सरळ बंद करायचं आणि पहिल्यापासून चालू करायचं."

"बरं."

तीन महिने संपत आले. तालुक्यातल्या मंगल कार्यालयाचे मालक दिवटेअण्णा यांच्या मुलीचं लग्न होतं. मुलीचा मामा दुबईत, त्याला रजा मिळेना. आता नवरीच्या पाठीशी मामा नको का? अण्णा म्हणाले, "सोपानराव, मामांना लग्न वेबसाईटवर लाइव्ह दिसू दे आणि मामा आम्हाला पडद्यावर दिसू देत. एवढं जमलं तर कार्यालयाचं हे काम कायमचं तुमचं."

नवरदेवाची शेरवानीही सोपाननेच शिवली होती. लग्नाला तो स्वतः मात्र भर मे महिन्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट घालून आला. का, ते कोणी विचारलं नाही.

नवरीच्या मागे पडदा, पडद्यावर मामा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, नवरदेवाने हार उचलला. इतक्यात सोपानचा फोन वाजला. "सोपानराव, लग्न अडकलंय," मामा म्हणाले. "कोणी हलतच नाही."

कॉम्प्युटर बंद करावा असं सोपानच्या मनातही आलं नाही. अडकलं होतं ते लग्न. तो स्टेजवर चढला आणि नवरदेवाच्या हातातून हार काढून घेतला.

"भटजी, बंद करा. अंतरपाट धरा. पहिल्यापासून."

"अहो, मुहूर्त टळेल."

"मुहूर्तही पहिल्यापासून घ्या."

या गोंधळात मुहूर्त टळला. नवरदेव तणतणत खाली उतरला आणि गाडीत जाऊन बसला. संध्याकाळच्या मुहूर्तावर तो परत आला, काळजी नको. पण अण्णांना तेव्हा ते कुठे ठाऊक? ते मटकन खाली बसले.

"घाबरू नका अण्णा," सोपान म्हणाला. "मी कॉपी काढून ठेवलीय."

त्याने कोटाच्या गुंड्या सोडल्या. आत अगदी नवरदेवासारखी शेरवानी. खिशातून मुंडावळ्या काढून त्याने कपाळाला बांधल्या, नवरीसमोर उभा राहिला, हार उचलला आणि थांबला. तिसऱ्या रांगेत शालन बसली होती. सोपानने माइक हातात घेतला.

"शालन, नवरा तुझा आहे, म्हणून विचारतो. करू का?"

शालन उठली. सावकाश स्टेजवर आली. त्याच्या मुंडावळ्या सोडल्या आणि कान धरला.

"मी बाबांना कळवते," ती म्हणाली, "उद्यापासून गिरणीत येताय म्हणून."

तेवढ्यात पडद्यावरचे मामा हलले.

"हां, सोपानराव, आता अगदी स्पष्ट दिसतंय," ते म्हणाले. "चालू द्या."