हैबतीची दोन म्यानं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी विचारलं होतं, तर माझ्या आज्यानं शंभर सांगितली, शेजारी बसलेल्या त्याच्या भावानं दोनशे, आणि मग ते दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. तर फार वर्षांपूर्वी आपल्या या गावात हैबती नावाचा जिनगर राहत होता. जिनगर म्हणजे घोड्यांची खोगिरं आणि हत्यारांची म्यानं करणारा कारागीर. त्याच्या म्यानात सुरी सरकवली की आवाज येत नसे आणि म्यान उलटं धरलं तरी सुरी पडत नसे, असं म्हणतात.

तेव्हाच्या पाटलांना दोन बायका होत्या. एक वरच्या आळीत, एक खालच्या आळीत. दोघी एकाच दिवशी बाळंत झाल्या, दोघींना मुलगेच झाले आणि सुईण मात्र एकच. ती बिचारी या आळीतून त्या आळीत इतकी धावली की आधी कोण जन्मलं हे तिलाच सांगता येईना. सकाळी विचारलं तर वरच्या आळीचा शिदोजी थोरला, संध्याकाळी विचारलं तर खालच्या आळीचा सुभानजी. आता अशा बाईला काय म्हणावं? पाटील होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी पाटलांची जायची आणि मागून साऱ्या गावाची. मग पाटील वारले. त्या वर्षी पहिली जोडी कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरला तोच पाटील, आणि जो पाटील त्याचीच जोडी पहिली.

पोळ्याला पंधरा दिवस राहिले असताना शिदोजी हैबतीच्या दारात आला.

"हैबतीकाका, आधी भंडाऱ्यावर हात ठेव. मी बोलेन ते तुझ्या तोंडून बाहेर जायचं नाही."

भैरोबाच्या भंडाऱ्यावर दिलेला शब्द मोडला तर घराला दिवा लावायला कुणी उरत नाही, असं तेव्हा मानत. हैबतीनं हात ठेवला. मग शिदोजीनं कमरेची नवी कोरी सुरी काढून पुढ्यात ठेवली.

"सुभाननं बैल पुढं काढले, तर ही त्याच्या पोटात जाणार. म्यान असं कर, की बघणाऱ्याला सणाचा दागिना वाटला पाहिजे. वर वाघ काढ."

हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं, तर हा बाजाराच्या गावी जाऊन दुसऱ्या जिनगराकडून करून घेणार. म्यान व्हायचं काही चुकत नाही, फक्त आपल्या नजरेआड होणार. म्हणून त्यानं सुरी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सुभानजी आला. तोच भंडारा, तीच शपथ, त्याच लोहाराची तशीच सुरी. फक्त पोट शिदोजीचं. आणि वाघ त्यालाही हवाच होता.

आता मला सांगा, हैबतीनं काय करावं? याचं त्याला सांगता येईना, त्याचं याला सांगता येईना. या दोघांना लहानपणी त्यानंच चामड्याचे छोटे आसूड करून दिले होते. एकाला आधी दिला तर दुसरा भोकाड पसरायचा, म्हणून दोन्ही हातांनी एकदम दिले होते. त्या दोघांतला एक पोळ्याला मरणार, आणि मारणारी सुरी आपल्या म्यानातून निघणार, हे डोक्यात घेऊन तो कामाला बसला.

त्याचा पार गोंधळ उडाला. कालवणाची वाटी समजून त्यानं मेणात भाकरी बुडवली. बाभळीच्या सालीच्या पाण्यात, जिथं कातडं मुरत घालतात, तिथं जाऊन हात धुतले. त्याची बायको भागू म्हणाली, "अहो, काय झालंय तुम्हांला?"

"भागू, मला काहीच कळंना," एवढंच तो म्हणाला.

म्यान कसं करतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेळीचं कातडं भिजवून मऊ करायचं. सुरीच्या पात्याला तेलाचं फडकं गुंडाळायचं. त्यावर ओलं कातडं बसवायचं, मागून आरीनं भोकं पाडून शिवायचं आणि ओल असतानाच हाडाच्या टोकानं नक्षी उठवायची. कातडं वाळताना आवळतं. वाळलं की सुरी काढायची, फडकं काढायचं. त्या फडक्याची जाडी तेवढीच सुरीला मोकळीक. आणि तीनदा आत-बाहेर करून पाहिल्याशिवाय जिनगर म्यान हातावेगळं करत नाही.

हैबतीनं दोन्ही म्यानं केली. कडेनं वेल काढली, मध्ये बोरं, टोकाला पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम. इतकं देखणं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं. फक्त वाघ जरा फसले. त्यांच्या डोक्यावर कान आहेत की शिंगं, यावर गावात अजून वाद आहे. वरची आळी म्हणते वाघ, खालची म्हणते बैल. मला विचाराल तर मांजर आहे.

पोळ्याच्या सकाळी त्यानं दोघांकडे जाऊन ज्याचं त्याला सुरीसकट दिलं आणि बजावलं, "अजून ओल आहे. दुपारपर्यंत उपसू नका, नक्षी बिघडंल."

दुपारी वाजतगाजत दोन्ही जोड्या वेशीत एकदमच आल्या. शिंगाला शिंग लागलं. वाजंत्री थांबली. शिदोजीनं कासरा सोडला आणि मुठीला हात घातला. सुभानजीनंही घातला. आणि दोघांनी ओढलं.

निघेना.

पुन्हा ओढलं. शिदोजीचं मुंडासं सुटून खाली आलं, सुभानजीच्या कपाळाची शीर फुगली, पण सुऱ्या काही निघेनात. मग एकाचं लक्ष दुसऱ्याच्या कमरेकडे गेलं. तीच वेल, तीच बोरं, तसलंच ते जनावर.

"तुझ्याकडं हे कुठनं आलं?" शिदोजी म्हणाला.

"तुझ्याकडं कुठनं आलं?"

मग दोघांनी मिळून गर्दीत हैबतीला शोधलं. तो तोरणाच्या खांबापाशी हात जोडून उभा होता.

"काका, काय केलंस हे?"

"फडकं घालायचं राहिलं, पाटील. उघड्या पात्यावरच कातडं वाळलं."

"दोन्हींत?"

"दोन्हींत."

"मुद्दाम?"

हैबती रडायला लागला. मग म्हणाला, "मलाच कळत न्हाई बघा. लई घोळ झाला हुता माझा."

चाळीस वर्षं म्यानं करणारा माणूस एकदा विसरेल, दोनदा कसा विसरेल? आणि मुद्दाम केलं म्हणावं, तर घळाघळा रडत का होता? काही कळत नाही. शिदोजीलाही कळलं नाही. तो संतापून सुभानजीला म्हणाला, "धर रे हे म्यान, मी ओढतो." सुभानजीही चिडलेलाच होता, त्यानं धरलं. एकानं म्यान, एकानं मूठ, आणि दोघं जोर लावून उताणे पडले. मग त्याची सुरी यानं धरली. तरी तेच. सारं गाव भोवती जमून बघत राहिलं. पुढं आठ बैल जुंपले, दोरखंड तुटलं पण सुरी निघाली नाही, असं म्हणतात.

आणि या धांदलीत बैलांकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. कासरे मोकळे होते. दोन्ही जोड्या आपल्या आपण तोरणाखालून निघून गेल्या. वळून बघतात तर तोरण तुटलेलं आणि बैल पलीकडं गवत खात उभे. आधी कोण गेलं? कुणीच पाहिलं नव्हतं. शिदोजी धुळीत बसल्या बसल्या हसायला लागला. त्याला हसताना पाहून सुभानजीला रडू आलं, आणि मग थोरला कोण हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

ज्याच्या म्यानातून सुरी निघत नाही त्याला कोण काम देणार? हैबतीनं पुन्हा म्यान केलं नाही. बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे तेवढे करत राहिला, आणि ते गावातल्या प्रत्येक गोठ्यात गेले. तो गेला तेव्हा पाटील भावांनी तिरडीला खांदा दिला. वारा नव्हता, बैल जागचे हलले नव्हते, पण साऱ्या गोठ्यांतले घुंगरू वाजले, असं म्हणतात.

तेव्हापासून पोळ्याला भैरोबाच्या देवळातून ती दोन म्यानं वेशीत आणतात. सालीच्या पाण्याशी लोखंडाचं पटत नाही, म्हणून ती आता काळीठिक्कर पडली आहेत. एका आळीचा माणूस म्यान धरतो, दुसऱ्या आळीचा मूठ ओढतो. ज्यांचं आपसात बिनसलंय अशांनाच हा मान देतात. सगळ्यांनी सुरीकडं बघायचं, बैलांकडं कुणी बघायचं नाही. गुरव विचारतो, "निघाली का?" आणि ओढणारा म्हणतो, "हैबतीची हाय, निघत न्हाई." तोवर बैल तोरणाखालून गेलेले असतात.

एका वर्षी ओढायचा मान माझ्याकडं आला. समोर म्यान धरून खालच्या आळीचा दगडू. बांधावरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याचा जीव घ्यावा असं माझ्या मनात आलेलं नाही, असं मी भैरोबासमोर तरी म्हणणार नाही. मी मूठ धरली, पाय रोवले आणि ओढली.

आणि ती हलली. तांदळाच्या दाण्याएवढी, पण हलली.

म्यान दगडूच्या हातात होतं, त्याला कळलंच असणार. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझी तर मतीच गुंग झाली. गुरवानं विचारलं, "निघाली का?" मी हात सैल केला आणि म्हणालो, "हैबतीची हाय, निघत न्हाई." दगडूनं खाली बघून म्यान घट्ट दाबून धरलं आणि तोही म्हणाला, "न्हाई निघत."

ती माझ्याच हातून पहिल्यांदा हलली, की दर वर्षी हलते, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या आधी ओढणाऱ्यांना मी विचारलं नाही. दगडूशीही त्यावर कधी बोललो नाही, बाकी सगळं बोलतो. उद्या तुमच्यापैकी कुणाची पाळी आली, तर जोर लावून ओढा. आणि गुरवानं विचारलं की काय म्हणायचं, ते आता ठाऊक आहे.