पोट आत घेऊन लावलेला पट्टा

वैजूने कॉलेज सोडलं तेव्हा नाडगौडासरांनी म्हणे 'सुटलो एकदाचा' म्हणून पेढे वाटले होते. आज गॅरेजात त्यांचीच गाडी तिच्या जॅकवर होती आणि तिने चाकांमागच्या सांध्यांत नवे रबरी बुश, म्हणजे धक्के झेलणारी रबरी नळकांडी, बसवले होते.

"बोल्ट आत्ताच आवळ, चाकं हवेत असताना! नाहीतर मालकाला सांगून तुला घरी बसवतो," सर गरजले.

"खाली टेकवून आवळते, सर. आत्ता आवळले तर गाडीचं वजन येताच रबर पिळवटून फाटेल."

"मला शिकवतेस?"

"छे हो! एक सांगा, तुमचं पोट आत जातं का?"

"पैलवान होतो मी!" सरांनी पोट आत ओढलं.

"आता पट्टा शेवटच्या भोकात अडकवा. हं, पोट सोडा आणि बसा."

बसताच सर लालबुंद झाले. "अगं, जीव जाईल!"

"रबराचंही तेच म्हणणं आहे, सर."

सरांनी आधी पट्टा सैल केला, मग आवाज. "उतरव बाई गाडी."