विसोबा जागा निवडतो

एका घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती आणि विसोबा नावाचा एक भला माणूस तिचा राखणदार होता. मुक्कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा गावाचा नियम होता. त्याला जोडून विसोबाने स्वतःचा एक नियम केला होता. जेवण झाले की प्रत्येक वाटसरूने ओट्यावर बसून आपल्या गावाबद्दल सांगायचे.

वाटसरू हौसेने सांगत. काबूलचा घोडेवाला म्हणे, आमच्याकडे द्राक्षे तोडावी लागत नाहीत, तीच तोंडाशी येतात. काशीचा शास्त्री म्हणे, आमच्या गल्लीसारखी गल्ली स्वर्गातही नसेल. सांगताना त्यांचा आवाज मऊ होई आणि नजर कुठेतरी लांब जाई. विसोबा हनुवटीखाली हात धरून ऐके. न पाहिलेल्या गावांचा एवढा अभ्यास पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा नव्हता.

जिथे राहायचे ते गाव मात्र त्याला बघवत नसे. खिंडीतला वारा दारे आपटी. विहीर चाळीस हात खोल होती. अंगणातल्या चिंचेचा पाला ताटात पडे. कौल फुटले की विसोबा म्हणे, "राहू दे गं. आपल्याला कुठे जन्मभर इथे राहायचंय?" असे म्हणता म्हणता चोवीस वर्षे झाली. कौले त्याची बायको म्हाळसा बदलत असे.

एकदा केसोशेट नावाचा मसाल्याचा बडा व्यापारी धर्मशाळेत तापाने आडवा झाला. त्याचे नोकर त्याला सोडून पुढे गेले. म्हाळसाने महिनाभर काढे पाजून त्याला उभा केला. निघताना तो हात जोडून म्हणाला, "विसोबा, वहिनींनी मला दुसरा जन्म दिला. जगाच्या पाठीवर कुठेही जागा सांगा. तिथे तुम्हाला घर बांधून देतो. होळीला मी परत येतो, तेव्हा जागेचं नाव सांगायचं. पण एकच घर आणि एकच जागा. नंतर बदलून मागायचं नाही."

विसोबाला त्या दिवशी भाकरी गोड लागेना. सगळे जग समोर होते आणि बोट एकाच ठिकाणी ठेवायचे होते. काबूलला थंडी फार. काशीला जावे तर शास्त्र्यांची गर्दी. अखेर त्याला अंताजी आठवला. अंताजी नारळाचा व्यापारी होता आणि दर वर्षी धर्मशाळेत उतरत असे. शंखवाडी हे त्याचे समुद्रकाठचे गाव. "आमच्याकडे नारळ आपणहून अंगणात येतात," असे तो सांगे. "माणसं तर अशी गोड, की भांडण म्हणजे काय ते मुलांना सांगून समजवावं लागतं."

"ठरलं. शंखवाडी!" विसोबा म्हणाला.

म्हाळसा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, एक विचारू? या सगळ्यांची गावं एवढी चांगली, तर ही माणसं बारा महिने रस्त्यावर का असतात?"

"तुला त्यातलं कळायचं नाही," विसोबा म्हणाला. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही, तो प्रश्न त्याला नेहमीच क्षुल्लक वाटे.

"बरं. मग आधी बघून तरी या. एकदा सांगितलं की बदलता येणार नाही. तोवर मी धर्मशाळा सांभाळते."

दिवाळी होताच विसोबा निघाला. वीस दिवस चालून शंखवाडीला पोचला. अंताजी घरी नव्हताच. तो कुठल्यातरी धर्मशाळेत बसून शंखवाडीबद्दल सांगत असावा. त्याच्या बायकोने पाहुण्याला पडवीत जागा दिली.

समुद्र होता. नारळही आपणहून येत होते. पहिल्याच सकाळी एक नारळ कौले फोडून विसोबाच्या उशाशी आला. शेजाऱ्याचे झाड अंताजीच्या कुंपणावरून वाकले होते, त्यामुळे तो नारळ कोणाचा यावर दुपारपर्यंत दोन्ही घरांत भांडण चालले. ते भांडण आजोबांच्या वेळेपासूनचे होते, असे कळले. मुलांना समजावून सांगण्याची काहीच गरज दिसली नाही. मीठ दमटून त्याचे पाणी होत होते. धोतर तीन दिवस वाळत नव्हते.

"अंताजीशेट तर गावाची फार तारीफ करतात," विसोबा चाचरत म्हणाला.

"करतील नाही तर काय!" अंताजीची बायको म्हणाली. "वर्षातले आठ महिने ते बाहेर. गाव लांबून बघतात. जवळून आम्ही बघतो."

पंधरा दिवस झाले. एका संध्याकाळी किनाऱ्यावर भानू तांडेल जाळे विणत बसला होता. आजूबाजूला चार कोळी होते. भानूने विचारले, "पाव्हणं, तुमच्याकडं कसं काय असतं?"

विसोबाने सहज सांगायला सुरुवात केली. "आमच्याकडे ना, खिंडीतून असा वारा येतो की वैशाखातही पंखा हातात धरावा लागत नाही. विहीर चाळीस हात खोल. म्हणून तर पाणी असं गार, की घोट घेतला की दात बोलतात. अंगणात चिंच आहे. जेवताना तिचा पाला आमटीत पडतो. त्याने अशी चव येते, काय सांगू!"

"म्हणजे तुमच्याकडं झाड सोताच आमटीत आंबट घालतं?" भानूचे जाळे हातातच राहिले.

"घालतं तर! आणि आमची म्हाळसा भाकरी करते, ती..."

विसोबा एकदम थांबला. त्याचा आवाज मऊ झाला होता. नजर समुद्रापलीकडे कुठेतरी गेली होती. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. चोवीस वर्षे रोज तो ओट्यावर बसून हाच आवाज ऐकत आला होता. काबूलच्या द्राक्षांचे, काशीच्या गल्लीचे, अंताजीच्या नारळांचे गुपित त्याला एकदम उमगले. म्हाळसाला त्यातले कळणार नाही असे आपण म्हणालो होतो, हेही आठवले. अंधार पडत होता, म्हणून त्याचे कान लाल झालेले कोणाला दिसले नाहीत.

पहाटे तो घराकडे निघाला.

घरी दारे आपटत होती. म्हाळसाने पान वाढले. चिंचेचे एक पान आमटीत पडले. एरवी विसोबा ते बोटाने काढून चिंचेला चार शब्द सुनावत असे. आज त्याने ते आमटीबरोबर खाल्ले. म्हाळसाने पाहिले आणि आणखी एक पळी आमटी वाढली.

होळीला केसोशेट आला. "बोला विसोबा, कुठे बांधू घर?"

विसोबाने म्हाळसाकडे पाहिले. "तुला कुठे राहायचंय?"

"मला?" म्हाळसा हसली. "चोवीस वर्षांत मला हे कोणी विचारलंच नाही. म्हणून मी आपली राहिले."

विसोबा खाली मान घालून केसोशेटला म्हणाला, "इथेच बांधा, शेट. चिंचेपलीकडे."

"जगात कुठेही मागा म्हटलं होतं! पुन्हा विचार करा. मग बदलता येणार नाही."

"नकोच बदलून."

"आणि दार पूर्वेला ठेवा," म्हाळसा लगबगीने म्हणाली. "पश्चिमेचा वारा मेला भाकरीत धूळ टाकतो. विहिरीला मोठा रहाट बसवा. चाळीस हात ओढून माझे खांदे गेले. चिंच मात्र तोडायची नाही. पाला पडतो त्याला मी काय ते करीन."

जागेचे सगळे दोष तिला तोंडपाठ होते. केसोशेटने तिच्या सांगण्याप्रमाणे घर बांधले. गृहप्रवेशाच्या दिवशी पंगत बसली असताना घाटाच्या वाटेने एक कुटुंब आले. पुढे डोक्यावर उलटी खाट घेतलेला भानू तांडेल, मागे त्याची बायको आणि तीन मुले. भानूने चिंचेकडे पाहिले, विहिरीत डोकावले, डोळ्यांत गेलेली धूळ पुसली आणि हिरमुसून म्हणाला, "पाव्हणं, हीच का हो ती चिंच?"

"हीच," विसोबा म्हणाला. "बसा, जेवून घ्या. मग ओट्यावर या आणि आम्हाला शंखवाडीबद्दल सांगा."

भानू जेवला, ओट्यावर बसला आणि सांगू लागला. थोड्याच वेळात त्याचा आवाज मऊ झाला. चौथ्या दिवशी त्याने खाट पुन्हा डोक्यावर घेतली.

तात्पर्य: लांबून आठवलेले गाव सगळ्यांचेच सुंदर असते, म्हणून ऐकीव गुणांवर भुलून घर बांधू नये; जिचे दोष तोंडपाठ असूनही जी सोडवत नाही, ती जागा आपली. आणि निवडण्याआधी घरातल्या माणसाला विचारावे, म्हणजे चाळीस दिवसांची पायपीट वाचते.