तुकड्यावरच्या चार खाचा

सुतारांच्या हत्यारांत वीज नुकतीच शिरली होती, तेव्हाची ही गोष्ट. भिकू मेस्त्रींकडे लाकडात खाचा पाडणारा विजेवरचा नवा राऊटर आला आणि घुर्र घुर्र करत मिरवू लागला.

कपाटाच्या बाजूला खाच पाडून त्यात फळी बसवायची होती. राऊटर म्हणाला, "फळीवर अठरा एमएम लिहिलंय, माझं पातंही अठराचं. एका दमात पाडतो!"

"आधी माझ्यावर पाड," खाली पडलेला प्लायचा तुकडा म्हणाला.

"भंगाराने मला शिकवू नये!"

पण मेस्त्रींनी सवयीने तुकडाच उचलला. खाच पडली, फळी आत गेली आणि दुधाच्या दातासारखी हलू लागली.

राऊटरचा चेहरा पडला. "अरे, पण अठरा लिहिलंय!"

"लिहिणाऱ्याने लिहिलं. तू फळीला विचारलंस का? ती अठराला जरा कमीच भरते," तुकडा म्हणाला.

मेस्त्रींनी बारीक पातं लावलं आणि तुकड्यावरच खाचेची रुंदी कमी-जास्त करून पाहिली. दुसऱ्या खाचेत फळी शिरेना, तिसरीत जरा डुगडुगली, चौथीत मात्र तळहाताच्या एका थापेने घट्ट बसली. मग कपाटालाही तश्शीच खाच पडली.

कपाटावरची एकच खाच पाहून कोपऱ्यातली करवत म्हणाली, "वा रे! पहिल्याच फटक्यात जमलं की!"

राऊटर एरवी फुगला असता. त्याने तुकड्याकडे पाहिलं. "पहिल्या फटक्यात कसलं, बाई? आधीच्या तीन चुका त्याने अंगावर घेतल्या."